ऐकू येतं, मग लिहिता का येत नाही?

एका निवृत्त शिक्षकांचं पत्र आलं आहे. ३६ वर्षं त्यांनी शाळेत मराठी शिकवलं. आठ वर्षांची नात तिसरीत आहे. बोलायला चुणचुणीत, एकदा ऐकलेली गोष्ट हावभावांसकट सांगणारी. वाचताना मात्र ठेचकाळते आणि लिहिताना तर हातच थांबतो. रोज संध्याकाळी आजोबा दहा ओळी शुद्धलेखन घालतात आणि चुकलेला प्रत्येक शब्द दहादा लिहून घेतात. सात महिने झाले, चुका त्याच. वहीच्या एका पानावरचे शब्द त्यांनी उतरवून पाठवलेत: 'खांब'चं 'काब', 'संध्याकाळ'चं 'सद्याकाळ', 'प्रकाश'चं 'परकाश', 'सूर्य'चं 'सुर्य', 'घर'चं 'धर', 'नवीन'चं 'नविन'.

वर्गशिक्षिका म्हणतात, तिचं लक्ष नसतं, सांगितलेलं ऐकतच नाही. कानांची तपासणी झाली, ऐकणं उत्तम आहे. सूनबाईंचं म्हणणं, शुद्धलेखन बंद करा. हेडफोन लावून कॉम्प्युटरवर आवाजांचे खेळ खेळायचा एक कोर्स आहे, तो लावू, त्याने मेंदूला ऐकायचं वळण लागतं. मुलगा दोघांच्या मध्ये पडत नाही. 'त्याचंही लहानपणी असंच होतं, पट्टी खाल्ली आणि सुधारला,' असं आजोबा जाता जाता लिहितात. गेल्या आठवड्यात नातीने शुद्धलेखनाची वही गादीखाली लपवली. त्यांचे प्रश्न तीन आहेत. ऐकू येतं तर लिहिता का येत नाही? हेडफोनचा कोर्स लावावा का? आणि शुद्धलेखन थांबवलं तर तिचं नुकसान तर होणार नाही ना?

सर,

तिसरा प्रश्न तुम्ही सगळ्यांत शेवटी, बारीक अक्षरात लिहिलाय. खरा प्रश्न तोच आहे असं मला वाटतं. पण त्याच्याकडे जायची वाट कानांवरूनच जाते, म्हणून आधी कान.

तपासणी करून घेतलीत हे फार बरं केलंत. पुष्कळ घरांत ती पायरीच गाळली जाते. पण त्या तपासणीत काय झालं ते आठवून पाहा. बंद, शांत खोली. कानांवर हेडफोन. एका वेळी एकच साधा सूर, जाडापासून बारीकापर्यंत, साधारण २५० ते ८००० हर्ट्झ. ऐकू आला की खूण करायची. घाई नाही, आजूबाजूला दुसरा आवाज नाही. नात त्यात पास झाली, म्हणजे आवाज आतपर्यंत पोचतो. आत गेल्यावर त्याचं काय होतं, हे ती तपासणी विचारतच नाही. (एक पोटनियम: तिला वारंवार सर्दी होत असेल तर कानाच्या पडद्यामागे पाणी साठून ऐकणं काही आठवडे मंद होऊ शकतं आणि मग आपोआप परत येतं. तसं असेल तर ऐन सर्दीच्या दिवसांत एकदा पुन्हा तपासून घ्या.)

आता एक प्रयोग करा. एक तळहात तोंडासमोर धरा, दुसऱ्या हाताची बोटं गळ्यावर ठेवा आणि सावकाश म्हणा: त, थ, द, ध. 'त'ला गळा गप्प असतो. 'थ'ला तळहातावर हवा येते. 'द'ला बोटांखाली थरथर होते, 'ध'ला थरथर आणि हवा दोन्ही. तुम्ही हे अल्पप्राण-महाप्राण, घोष-अघोष म्हणून फळ्यावर कितीदा लिहिलं असेल! पण कानाच्या बाजूने बघा. जीभ दातांवरून सुटणं, हवेचा झोत आणि गळ्यातली थरथर सुरू होणं, यांच्यातल्या काही शतांश सेकंदांच्या पुढेमागे होण्यावर 'त'चा 'थ' ठरतो. 'बा' आणि 'दा' यांतला फरक तर जवळजवळ सगळा पहिल्या ४० मिलिसेकंदांत उरकतो. नंतरचा 'आ' दोन्हीकडे सारखाच. शिवाय बोलण्यात ध्वनी ओळीने उभे नसतात, एकमेकांत कालवलेले असतात. 'की' म्हणताना आणि 'कू' म्हणताना ओठ बघा आरशात. 'क' सुरू व्हायच्या आधीच ते वेगळे झालेले असतात.

मग आपल्याला ध्वनी सुटे कसे ऐकू येतात? इथे मला तुमच्या एका गृहीतकाला हात घालायचा आहे. 'संध्याकाळमधला न इतका स्वच्छ ऐकू येतो, तो ही गाळते कशी?' असं तुम्ही लिहिलंय. सर, तो तुम्हाला ऐकू येतो, कारण तुम्ही तो साठ वर्षं पाहत आला आहात.

हे चमत्कारिक वाटेल, पण १९७९ साली जोसे मोराइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोर्तुगालमध्ये नेमकं हेच दाखवलं. शाळेचं तोंड न पाहिलेल्या प्रौढ माणसांना त्यांनी सांगितलं, शब्दातला पहिला ध्वनी काढा आणि उरलेलं बोला. त्यांना ते जवळपास जमलंच नाही. त्याच परिसरातल्या, मोठेपणी लिहावाचायला शिकलेल्या माणसांना बऱ्यापैकी जमलं. कान सगळ्यांचे धडधाकट होते, बोलणं सगळ्यांचं अस्खलित होतं. त्याच्या पाच वर्षं आधी, १९७४ मध्ये, अमेरिकेत इझाबेल लिबरमन यांनी मुलांना शब्द ऐकून टेबलावर टकटक करायला लावलं होतं. शब्दाचे ठोकळे, म्हणजे 'पा-ऊ-स' असे तुकडे, चार वर्षांच्या निम्म्या मुलांना जमले. सुटे ध्वनी त्या वयात एकालाही जमले नाहीत. पहिलीच्या अखेरीला मात्र ७० टक्के मुलांना जमू लागले होते. मध्ये काय घडलं? मोठी झाली हे खरं, पण अक्षरंही भेटली. सुटे ध्वनी ऐकू येणं हे वाचनाला लागणारं भांडवल आहे आणि वाचनातून मिळणारी कमाईसुद्धा. बहुतेक मुलं थोड्याशा भांडवलावर धंदा सुरू करतात आणि तो चालतो. तुमच्या नातीसारख्या मुलांचं ते थोडंसंच कमी पडतं.

पहिली-दुसरीत तिचं ठीक चाललं होतं, आणि घोडं अडलं ते दुसरीच्या शेवटी, असं तुम्ही लिहिता आणि त्याचं नवल करता. मला नवल वाटत नाही. आपली लिपी लहान मुलांशी सुरुवातीला फार दयाळूपणे वागते. 'ता' हे एक अक्षर, तोंडातून निघणारा एक ठोकळा. त्यात त् आणि आ असे दोन ध्वनी आहेत हे ठाऊक नसलं तरी चालतं, ठोकळाच पाठ करायचा. बाराखडी तर चालीवर म्हणायची. पण ३४ व्यंजनं आणि १२ रूपं धरली तरी ती चारशेच्या वर अक्षरं होतात, आणि त्यापुढे जोडाक्षरं. स्मरणशक्ती चांगली असलेलं मूल बरंच अंतर पाठांतरावर मारून नेतं. जोडाक्षर आलं की मात्र ठोकळा फोडावाच लागतो. 'न्ध्य'मध्ये तीन व्यंजनं एकमेकांच्या खांद्यावर बसलीत. ज्याला ठोकळा फोडता येत नाही, त्याला तिथे फक्त एक गोळा ऐकू येतो. आणि गोळ्यातलं जे ठळक, ते तो लिहितो: सद्याकाळ.

या मुलांच्या आत नेमकं काय वेगळं घडतं? अभ्यासकांचं पन्नास वर्षांत एकमत झालेलं नाही, आणि ते मी तुमच्यापासून लपवणार नाही. १८९६ साली ब्रिटिश डॉक्टर प्रिंगल मॉर्गन यांनी अशा चौदा वर्षांच्या एका हुशार मुलाची हकिकत छापली, तेव्हा त्याला 'शब्दांधता' म्हटलं. पुढे कित्येक दशकं सगळा संशय डोळ्यांवरच होता. १९७० नंतर तो ध्वनीकडे वळला. १९८० मध्ये पॉला टॅलल यांनी दाखवलं, की वाचनात अडणाऱ्या मुलांना दोन सूर झटपट एकामागून एक वाजवले तर कुठला आधी, कुठला नंतर हे सांगताना घोटाळा होतो. मध्ये अवकाश ठेवला तर ती इतरांसारखीच. म्हणजे मेंदू वेगवान आवाजांत मागे पडतो, असं त्यांचं म्हणणं. उषा गोस्वामी म्हणतात, अडचण वेगात नाही, लयीत आहे. प्रत्येक अक्षराच्या सुरुवातीला आवाज ज्या चढाने वर जातो तो चढ या मुलांना पुसट जाणवतो, त्यामुळे बोलण्याचे ठोकळे कुठे सुरू होतात हेच धूसर राहतं. नीना क्राउस यांच्या प्रयोगशाळेत डोक्याला तारा लावून पाहिलं तर एकच 'दा' शेकडो वेळा ऐकवल्यावर चांगल्या वाचकाचा मेंदू दर वेळी साधारण तसाच प्रतिसाद देतो, अडणाऱ्या वाचकाचा थोडा हलतो. आणि २०१३ मध्ये बेल्जियममधल्या एका गटाने डिस्लेक्सिया (बुद्धी चांगली असूनही वाचन-लेखनात अडणं) असलेल्या प्रौढांचे मेंदू तपासून वेगळंच सांगितलं: ध्वनींचे ठसे शाबूत आहेत, ते उचलून कामाला लावणारी जोडणी कमजोर आहे.

यातलं कुठलं खरं? माझ्या अनुभवात मुलं पुस्तकातल्या एकाच प्रकरणात बसत नाहीत. काहींना सूर-तालात काहीच अडचण नसते, तरी ध्वनी फोडायला सांगितला की ती गोठतात. काहींना गोंगाटात काही म्हणजे काही कळत नाही. पण एका गोष्टीवर बहुतेकांचं जुळतं: अडचण बुद्धीत नाही, आळसात नाही, आणि कानाच्या पडद्यातही नाही. शब्दातले ध्वनी वेगळे करणं, क्षणभर धरून ठेवणं आणि झटकन हाताशी आणणं या कामात ती आहे. म्हणूनच तुमची नात गोष्ट हावभावांसकट सांगते. गोष्टीला अर्थाचा दोरा असतो. 'खांब' लिहिताना हा दोरा कामाला येत नाही.

आता हेडफोनच्या कोर्सबद्दल. या वादात मी तुमच्या बाजूने आहे. ही कल्पना निघाली टॅलल यांच्याच कामातून. १९९६ साली 'सायन्स' या नियतकालिकात लेख आले की ताणून, संथ करून ऐकवलेल्या बोलण्याचे कॉम्प्युटर खेळ खेळलेल्या मुलांचं भाषा समजणं काही आठवड्यांत सुधारलं. मोठी आशा निर्माण झाली, आणि मोठा धंदाही. पुढे २०११ मध्ये, काटेकोर तुलना असलेले त्या कार्यक्रमाचे प्रयोग एकत्र करून पाहण्यात आले, तेव्हा वाचनात त्याचा फायदा झाल्याचा पुरावा मिळाला नाही. खेळात मूल हुशार होतं, म्हणजे खेळात हुशार होतं. उद्या कुणी रंगीत काचांचा चष्मा सुचवला तर त्यालाही हेच उत्तर. सूनबाईंना हे सांगताना मात्र जिंकल्यासारखं सांगू नका. त्या शोधतायत ते बरोबर शोधतायत. अडचण ध्वनीच्या घरात आहे हे त्यांनी तुमच्याआधी ओळखलं. पत्ता चुकला तो फक्त उपायाचा.

शिवाय, दहादा लिहून घेण्याची तुमची पद्धतही त्याच तराजूत घालावी लागेल. तुम्ही 'खांब' म्हणता, ती 'काब' लिहिते, तुम्ही लाल गोल करता, ती 'खांब, खांब, खांब' असं उतरवते. चौथ्या 'खांब'पासून पुढे तिचा हात नक्षी काढत असतो. ख आणि क यांत काय फरक आहे, अनुस्वाराच्या जागी तोंडात काय होतं, हे त्या दहा खांबांत कुठेच येत नाही. शुद्धलेखन घालणं ही परीक्षा आहे, सर. तुम्ही सात महिने रोज परीक्षा घेताय आणि शिकवायचं राहून जातंय. हे मी तुम्हालाच लिहू शकते, कारण शिकवणं म्हणजे काय ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

तुम्ही पाठवलेले सहा शब्द मी तीन ढिगांत टाकले.

पहिल्या ढिगात 'सुर्य' आणि 'नविन'. हा ढीग सध्या उचलून बाजूला ठेवा. आजच्या आपल्या रोजच्या बोलण्यात ह्रस्व-दीर्घ इतकं सैल झालंय की कानाने ते ठरवता येत नाही. ते नियमाने आणि वाचून वाचून नजरेत बसतं. छापील जाहिरातींतही ते चुकतं. त्यावरून मुलाच्या ध्वनिज्ञानाबद्दल काहीही सिद्ध होत नाही. उलट 'सुर्य'वर तुम्ही लाल गोल केलात आणि मी मात्र तो शब्द बघून खूश झाले. र् आधी, य नंतर, रफार अगदी जागच्या जागी. तिने ते जोडाक्षर ऐकून फोडलं किंवा पाहून लक्षात ठेवलं. काहीही असो, जमलं. तिला कुणी सांगितलं का?

दुसऱ्या ढिगात एकटा 'धर'. घ आणि ध दिसायलाच जुळे, तसेच भ आणि म. ही डोळ्याची गफलत आहे, कानाची नाही. या वयात पुष्कळ मुलांची होते. डोक्यावरच्या रेषेतली फट दाखवली, बोटाने गिरवून घेतली की हळूहळू जाते.

तिसऱ्या ढिगात 'काब', 'सद्याकाळ', 'परकाश'. आपलं काम इथे आहे. या तिन्हींत पुन्हा तीन वेगळे धागे दिसतात. महाप्राण गळतो: ख चा क, ध चा द. मोठ्यांच्या बोलण्यातही, विशेषतः शब्दाच्या शेवटी, महाप्राण पातळ होतो ('वाघ' घाईत म्हणून बघा), म्हणजे तिला मिळणारा मालच थोडा कमअस्सल असतो. अनुस्वार गळतो, कारण तो एक ध्वनी नाहीच. 'खांब'मध्ये तो म् आहे, 'अंत'मध्ये न्, 'अंक'मध्ये ङ्. पुढच्या अक्षराची तयारी करताना नाक क्षणभर उघडतं, एवढंच. सुरुवातीला लिहिणारी जवळजवळ सगळीच मुलं तो गाळतात, फक्त तुमची नात त्यातून लवकर बाहेर पडत नाही. आणि तिसरा, 'परकाश'. तिथे तिने काही गाळलं नाही, एक स्वर पदरचा घातला.

या तिसऱ्या धाग्याबद्दल एक आठवण सांगते. माझ्याकडे एक मुलगा येत असे, चौथीतला. 'क्रम' आणि 'कर्म' त्याला काही केल्या वेगळे लिहिता येईनात. रफार कुठे, पायातला र कुठे, नियम तोंडपाठ, हातात गोंधळ. एके दिवशी शर्टाची बटणं घेतली. लाल म्हणजे क्, निळं म्हणजे र्, हिरवं म्हणजे म्, आणि पांढरं म्हणजे अ. शेवटचा अ सोडून दिला. 'क्रम' सावकाश म्हणत त्याने मांडलं: लाल, निळं, पांढरं, हिरवं. मग म्हटलं, आता याचं 'कर्म' कर. तो बराच वेळ बघत बसला. ओठ हलत होते. मग एका बोटाने पांढरं बटण सरकवून लाल आणि निळ्याच्या मध्ये आणलं, पुन्हा म्हणून पाहिलं, आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "बस, एवढंच?"

एवढंच. क, र, म तिन्ही त्याच ओळीत उभे. स्वर तेवढा जागा बदलतो. दोन वर्षं त्याला हे कुणी दाखवलं नव्हतं, कारण आपण सगळे कागदावरच्या खुणा समजावत होतो. तुमच्या नातीचं 'परकाश' म्हणजे प आणि र यांच्यामध्ये एक जादा पांढरं बटण. ते तिला स्वतःच्या हाताने उचलून बाजूला ठेवू द्या.

तर संध्याकाळचा वेळ तोच ठेवा, पण पंधरा मिनिटांचा. आणि पेन्सिल शेवटची पाच मिनिटं. आधी नुसतं तोंड. तिला तळहात-गळ्याचा तो प्रयोग शिकवा. क-ख, ग-घ, द-ध. गंमत म्हणजे आपली वर्णमाला हा उच्चारांचा नकाशाच आहे, कंठापासून ओठापर्यंत आखलेला, आणि आपण तो पोरांकडून पाढ्यासारखा म्हणून घेतो. तुम्ही तो तिला नकाशा म्हणून दाखवा. कानाला फरक पुसट लागत असेल तर तळहाताला लागतो, जिभेला लागतो. 'खांब' म्हणताना मध्येच थांबायला सांगा: ओठ मिटलेत का? नाकात गुणगुणतंय का? ते गुणगुणणं म्हणजे डोक्यावरचा टिंब.

मग तोडणं-जोडणं. ठोकळे आधी, कारण ते तिला येतात. टाळ्या वाजवत, लयीत. त्यानंतर 'तारा'मधलं त काढून स आणला तर काय? 'सारा'. 'पान'मधला पहिला आवाज काढला तर? 'आन'. हे जमायला वेळ लागेल, आठवडेही लागतील. एका दिवशी एकच धागा: आज महाप्राण, तर अनुस्वाराची चूक दिसली तरी पाहू नका. शिक्षकाला हे किती जड जातं, मला माहीत आहे. बटणांवर शब्द नीट मांडला गेला की मगच तो कागदावर लिहायचा, आणि एकदाच. दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा, चार दिवसांनी पुन्हा एकदा. दहा वेळा लिहायचंच असेल तर ते दहा दिवसांवर पसरा.

ध्वनींचे हे खेळ अक्षरांपासून तोडून नुसतेच खेळू नका. इंग्लंडमध्ये ब्रॅडली आणि ब्रायंट यांनी १९८३ मध्ये हे तपासलं होतं. ज्या मुलांनी ध्वनींच्या खेळासोबत प्लॅस्टिकची अक्षरंही हाताळली, त्यांची प्रगती सगळ्यांत जास्त झाली. म्हणजे बटणं चार दिवस, आणि लगेच त्यांच्या जागी अक्षरांचे कागद.

तिला वाचून दाखवणं मात्र सोडू नका. वाचता येत नाही म्हणून तिच्या वाट्याला फक्त पहिलीची पुस्तकं आली तर तिची भाषाही पहिलीतच राहील. तिच्या डोक्याच्या उंचीच्या गोष्टी तुम्ही वाचा.

'लक्ष नसतं' या तक्रारीचं काय? बाईंवर चिडू नका, त्यांना दिसतं ते तसंच दिसतं. पण पंखा फिरतोय, शेजारचा वर्ग पाढे म्हणतोय, बाकं सरकतायत, अशा वेळी शब्दांचे काठ आधीच पुसट असलेल्या मुलाला अर्धं वाक्य हाती लागतं. उरलेलं अंदाजाने भरता भरता दुपारपर्यंत ते थकतं आणि खिडकीबाहेर बघायला लागतं. वर्गात शिक्षकांचा आवाज आजूबाजूच्या गोंगाटापेक्षा १५ डेसिबलने तरी वर असावा, असं यातले जाणकार सांगतात. मागच्या बाकावर ते क्वचितच असतं. क्राउस यांच्या गटाने डिस्लेक्सिया असलेल्या काही मुलांना वर्षभर शाळेत कानात छोटा रिसीव्हर दिला, शिक्षकांच्या गळ्यात माइक. वर्षाअखेरीस त्या मुलांच्या मेंदूचे प्रतिसाद अधिक स्थिर झाले आणि वाचनही सुधारलं. प्रयोग लहान होता. पण पुढचं बाक मागायला यंत्र लागत नाही. बाईंना भेटून एवढंच मागा: पुढे बसवा, एका वेळी एकच सूचना द्या, आणि शुद्धलेखनाचे गुण सगळ्या वर्गासमोर वाचू नका.

तपासणी करून घ्या, हेही सांगते. या विषयातले मानसशास्त्रज्ञ किंवा विशेष शिक्षक करतात तशी, आणि ती मराठीतून व्हायला हवी, कारण ती मराठीतून शिकते. तिच्याकडून नुसतं वाचून-लिहून घेतलं आणि बुद्ध्यंक काढला, तर ती अर्धी तपासणी. ध्वनी तोडणं-जोडणं, निरर्थक शब्द ऐकून परत म्हणणं, अर्थ नसलेले शब्द वाचणं, चित्रांची नावं भराभर सांगणं, हे त्यात आहे का ते विचारा. 'डिस्लेक्सिया' हा शब्द कागदावर आला तर घरात सुतक पाळू नका. शंभरात पाच ते दहा मुलांना तो लागू होतो. कागद आला म्हणजे नातीत काही बदलत नाही; शाळेला तिच्याशी बोलताना शब्द मिळतो, एवढंच. वय वाढलं की सुटेल असं कुणी म्हणालं तर मात्र थांबू नका. तिसरी हे वय लवकरचं नाही, उशिराचंही नाही.

आणि मुलगा. 'पट्टी खाल्ली आणि सुधारला.' सर, खरंच सुधारला का? तो आज काय वाचतो? फॉर्म भरायचा असला की कुणाकडे सरकवतो? तुम्हाला त्याने हाताने लिहिलेलं शेवटचं पत्र कधीचं आहे? मला ठाऊक नाही, कदाचित माझा तर्क साफ चुकला असेल. पण ही अडचण घराण्यात चालत येते. आई-वडिलांपैकी एकाला असेल तर मुलांमध्ये ती असण्याचं प्रमाण २०१६ च्या एका मोठ्या आढाव्यात सरासरी ४५ टक्के निघालं होतं. तुमच्या आणि सूनबाईंच्या वादात तो गप्प का बसतो, याचं कारण तुम्ही समजता त्याहून वेगळं असू शकतं. नात कशातून जाते हे त्या घरात आतून माहीत असलेला माणूस कदाचित तोच आहे. एकदा त्याला एकट्याला गाठून विचारा, आणि पट्टीचा विषय निघाला तर त्याला बोलू द्या.

गादीखालची वही तिथेच राहू द्या. शोधू नका, मागू नका. नवी वही आणा, बिनरेघांची चालेल. तिच्या उजव्या पानावर ती गोष्ट सांगेल आणि तुम्ही तिच्याच शब्दांत, तुमच्या त्या सुरेख अक्षरात लिहून घ्याल. डाव्या पानावर बटणांवर जमलेले दोन-तीन शब्द ती लिहील. तीन आठवड्यांनी मला डाव्या पानांवरचे शब्द उतरवून पाठवा, चुकांसकट. महाप्राण हिरव्या शाईने, अनुस्वार निळ्या शाईने, जोडाक्षरं काळ्या शाईने. लाल पेन घरात नसलं तरी चालेल.